जन्मजात क्षय: बाळाइतकीच आईही तपासा

दोन-तीन आठवड्यांचं बाळ धापा टाकतंय, दूध ओढत नाही, पोट फुगलंय, यकृत आणि प्लीहा हाताला लागतात. अँटिबायोटिक्सनी फरक नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काही उगवत नाही. अशा वेळी जन्मजात क्षय, म्हणजे पोटात असताना किंवा जन्मताना आईकडून लागलेला क्षय, मनात यायलाच हवा.

निदान हुकतं ते बहुतेकदा आईमुळे. ती धडधाकट दिसते, खोकलाही नसतो. गर्भाशयाच्या अस्तराचा क्षय तिला ठाऊकच नसतो. म्हणून तिला नीट विचारा: दिवस राहायला उशीर झाला होता का, वंध्यत्वावर उपचार घेतले का, ताप रेंगाळला होता का? तिचा छातीचा एक्स-रे, एचआयव्ही चाचणी आणि गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी करा. वार (प्लॅसेंटा) हाताशी असेल तर ती अख्खी फॉर्मलिनमध्ये बुडवू नका. त्यात जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. एक तुकडा निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये वेगळा ठेवा.

बाळाच्या जठरातला स्राव लागोपाठ तीन सकाळी घ्या, पहिल्या दुधाआधी आणि बाळाला उचलण्याआधी. रात्रभर गिळलेला कफ तेव्हाच जठरात सापडतो. निदान ५ मिलि हवा. कमी आला तर थोडं निर्जंतुक सलाइन नळीतून घालून परत ओढा. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून नमुना बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात निघणार असेल आणि प्रयोगशाळेत पोचायला चार तासांहून जास्त लागणार असतील, तर सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल मारा, नाहीतर जंतू टिकत नाहीत.

ट्रूनॅट (हे यंत्र आपल्या वेर्ण्यातल्या कंपनीचं आहे) किंवा सीबीनॅट या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या यंत्रांवर काही तासांत उत्तर मिळतं. पण निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही, असं धरू नका. या वयात नमुन्यात जंतू थोडेच असतात. कल्चरला सहा आठवडेही लागतात. संशय दाट असेल तर तोवर औषधं थांबवू नयेत. मँटू ही त्वचेवरची चाचणी तर या वयात बहुधा निगेटिव्हच येते. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासा. कान वाहत असेल तर तो स्रावही पाठवा.

क्षय सिद्ध झाला तरी तो जन्मजातच आहे हे ठरवायला १९९४ चे कँटवेल निकष वापरतात. पुढच्यांपैकी एक गोष्ट पुरते: पहिल्या आठवड्यातच घाव दिसणं, यकृतात प्राथमिक घाव किंवा क्षयाच्या गाठी, वारेत किंवा आईच्या जननमार्गात क्षय, किंवा जन्मानंतर लागण झाली नाही याची खात्री. या शेवटच्या निकषासाठी घरच्यांबरोबर बाळाला हाताळणारे वॉर्डातले कर्मचारीही तपासावे लागतात.

संशय असेपर्यंत बीसीजी देऊ नका. निदान ठरलं की निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-नोंदणी पोर्टलवर नोंद करा, आईची आणि बाळाची वेगवेगळी.