पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की काय करायचं

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघत जावा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, पण दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्लीतल्यांनी ४३ ची वाट बघायचीच नाही, ३९ लाच आवराआवर सुरू करायची, कारण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि वरनं पाऊस चालूच असला की पाणी थांबत नाही. २०१९ ला ५५ फुटाच्या वर गेलं होतं, २०२१ लाही तेवढंच, हायवेसुद्धा बंद पडला, म्हणजे उशीर झाला तर बाहेर पडायला रस्ताच नाही.

चिखली, आंबेवाडीकरांनी म्हशी आधी हलवा, रात्री पाण्यातनं जनावर निघत नाही ओ, आणि अगदीच जमलं नाही तर दावं तरी सोडा, बांधून ठेवू नका.

निघताना मेन स्विच बंद, सिलेंडर बंद, कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. पिण्याचं पाणी भरून ठेवा, पुरात उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद.

पाणी उतरताना घरातला गाळ त्याच पाण्याबरोबर खराट्यानं बाहेर ढकला, वाळला की फरशीला असा चिकटतो की खोऱ्यानं खरवडावा लागतो. वायरमननं बघितल्याशिवाय लाईट लावू नका.