आयएल-८ इंटरफेरॉनच्या आड येतं का? प्लेटवर असं तपासा

इंटरफेरॉन हे पेशींना विषाणूपासून वाचवणारं प्रथिन, तर आयएल-८ (इंटरल्युकिन-८) हे दाहाच्या वेळी पेशी सोडतात ते संदेशवाहक प्रथिन. नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याच्या लॅबमध्ये ९६ खणांची प्लेट, ए५४९ पेशी (माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या) आणि ईएमसीव्ही (एन्सेफॅलोमायोकार्डायटिस) विषाणू एवढ्यावर काम भागतं (बायोसेफ्टी लेव्हल २, म्हणजे मध्यम धोक्याच्या जंतूंसाठीची सुरक्षापातळी, मात्र हवीच). दर खणात २०,००० पेशी पेरा. आधी इंटरफेरॉन-अल्फा दुपटी-दुपटीने पातळ करत निम्म्या पेशी वाचवणारा डोस शोधा. बहुतेकांचं इथेच चुकतं: डोस भरपूर असला तर सगळ्याच पेशी वाचतात, आयएल-८ने घातलेला खोडा दिसतच नाही. मग तोच डोस आयएल-८सह आणि त्याविना, २४ तास. नंतर विषाणू, दुसऱ्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेट (वाचलेल्या पेशी रंगवणारा जांभळा रंग). नुसतं आयएल-८ आणि विषाणू, हा खण विसरू नका. कडेचे खण सुकतात. त्यांत फक्त बफर भरा. कंट्रोल (तुलनेचा खण) म्हणून आयएल-८ तापवून निकामी करू पाहण्यात अर्थ नाही, ते उष्णतेला दाद देत नाही. त्याला निष्प्रभ करणारी अँटीबॉडी घाला.