आर्मेनियाची फळं आणि ओघी: कधी, कुठे, कशी चाखावी

आधी ऋतू ठरवा, तिकीट मग काढा. जूनचा मध्य ते जुलै हा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा अरारात खोऱ्यात जर्दाळू पिकतात. पिकलेला जर्दाळू फार टिकत नाही, त्यामुळे तो तिथेच खायचा. 'शालाख' ही जात मागून घ्या. या फळाचं शास्त्रीय नावच प्रुनस आर्मेनिआका आहे. दुदुक हे तिथलं सुषिर वाद्य जर्दाळूच्या लाकडातून कोरतात, आणि राष्ट्रध्वजाचा खालचा पट्टाही जर्दाळूच्याच रंगाचा.

ऑगस्टमध्ये गेलात तर 15 तारखेच्या जवळचा रविवार चुकवू नका. त्या दिवशी चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद देतात. पुष्कळ घरांत तोवर नवं द्राक्ष तोंडात घालत नाहीत, म्हणून यजमानांकडे आधी मागूही नका.

सुक्या फळांसाठी राजधानी येरेवानचा 'गुम' नावाचा बाजार गाठा. विक्रेते चव द्यायला तयार असतात, चाखूनच घ्या. 'अलानी' म्हणजे अक्रोड-साखर भरून वाळवलेला पीच. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून करतात ते गोड सुजुख. याच नावाचा मांसाचा प्रकारही असतो, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

आता ओघी, म्हणजे फळांची घरगुती दारू. जर्दाळूची असते, होन नावाच्या आंबट लाल फळाची असते, पण मान तुतीच्या ओघीचा. झाडाखाली कापड पसरून फांद्या हलवतात, पडलेली तुती पिंपात आंबवतात आणि मग भट्टीवर गाळतात. आर्त्साख, म्हणजे नागोर्नो-काराबाख या डोंगराळ प्रदेशाची तुतीची ओघी सर्वांत नावाजलेली. सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर तिथल्या एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना घरदार सोडून यावं लागलं. तुतीची झाडं मागे राहिली. त्यांच्यापैकी कुणी पेला पुढे केला, तर प्यायच्या आधी त्यांच्या गावाचं नाव जरूर विचारा.

पेला भरला म्हणून लगेच उचलू नका. मेजावर 'तमादा', म्हणजे पेयपानाचा सूत्रधार असतो. तो घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, गेलेल्यांसाठी दोन शब्द बोलतो. ते पूर्ण ऐका, 'केनात्स्त' म्हणा आणि मगच प्या. वडीलधाऱ्यांच्या पेल्याला आपला पेला टेकवताना तो थोडा खाली धरा. गेलेल्यांच्या नावाने पिताना पेले वाजवत नाहीत. घरगुती ओघी 50 टक्क्यांच्या पुढेही असते, म्हणून सोबत लवाश (पातळ रोटी), चीज, लोणची खात राहा. पीत नसाल तर डाळिंबाचा रस घेऊन सामील व्हा. बोलणं मनापासून ऐकणं महत्त्वाचं.

रस्त्याकडेची बिनलेबलची ओघी घेऊ नका. चुकीच्या गाळपात मिथेनॉल उरू शकतं. घरी आणायची तर दुकानातली सीलबंद बाटलीच घ्या. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. माझं मत विचाराल तर त्यात एक बाटली तुतीच्या ओघीची आणि एक आरेनी गावच्या लाल वाइनची असावी, कारण आरेनीच्या गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची वाइन गाळण्याची जागा सापडली आहे.