आदल्या रात्रीचे रिकामे चित्र : श्वेतबटूंच्या स्फोटांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

श्वेतबटू ताऱ्यांच्या (इंधन संपून आकसलेल्या, अतिशय घन ताऱ्यांच्या) स्फोटांवर, म्हणजे ‘टाइप वन-ए’ सुपरनोव्हांवर, मी काम सुरू केले तेव्हा पहिले काही महिने माझे सारे लक्ष त्यांच्या सर्वाधिक तेजाकडे होते. विश्वातील अंतरे त्याच तेजावरून मोजली जातात आणि विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ मध्ये त्यावरूनच उमगले. मात्र हे तेज स्फोटानंतर साधारण १८ दिवसांनी येते आणि ते निकेल-५६ च्या किरणोत्सारी क्षयावर पोसलेले असते. तोवर तारा कशामुळे फुटला, याच्या बऱ्याच खुणा विरून गेलेल्या असतात. स्फोटापूर्वी त्या श्वेतबटूच्या शेजारी कोण होते, हे शोधायचे तर पहिल्या काही तासांकडेच वळावे लागते.

शेजारी साधा किंवा फुगलेला तारा असेल, तर सेकंदाला १०,००० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाने सुटलेले द्रव्य त्याच्यावर आदळून तापते आणि पहिले काही दिवस निळा व अतिनील प्रकाश जास्तीचा मिळतो. जोडीदार जितका मोठा, तितका हा उजेड अधिक. जोडीदार दुसरा श्वेतबटूच असेल तर हा उजेड जवळजवळ जाणवत नाही. पण हा उजेड सर्व दिशांना सारखा जात नाही, त्यामुळे एका स्फोटात तो दिसला नाही म्हणून मोठा जोडीदार नव्हताच, असे म्हणता येत नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये एम १०१ दीर्घिकेतील ‘एसएन २०११एफई’ स्फोटानंतर सुमारे ११ तासांतच पॅलोमार येथील सर्वेक्षणात सापडला. मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसऱ्या एका लहान दुर्बिणीने स्फोटानंतर अंदाजे चार तासांनी घेतलेले त्याच जागेचे चित्र, ज्यात काहीही नव्हते. फुटलेल्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे दोन शतांशांहून कमी असली पाहिजे, हे त्या रिकामेपणावरून काढता आले, आणि स्फोट पावलेली वस्तू श्वेतबटूच होती याला भक्कम आधार मिळाला. अर्थात स्फोटाची वेळ मागे मोजत जाऊन काढलेली असते, आणि स्फोटानंतर प्रकाश बाहेर पडायला थोडा अवधी लागू शकतो, हे गणित करताना विसरू नये.

याच बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. नव्या चित्रातून त्याच जागेचे जुने चित्र वजा करून उरलेल्या चित्रात दीर्घिकेच्या गाभ्याभोवती कडी उरली होती आणि तिच्या बाहेर चार-पाच पिक्सेलांचा फिकट ठिपका होता. तीन सिग्मांपेक्षा (मोजमापातील त्रुटीच्या तिपटीपेक्षा) कमकुवत नोंदी मी काढून टाकल्या, उरलेल्यांच्या दृश्यप्रती (तेज सांगणारे लॉगरिदमी आकडे) काढल्या आणि तेज काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे धरून वक्र बसवला. वक्र देखणा आला, पण टाकून दिलेल्या नोंदी परत घेताच स्फोटाची वेळ जवळजवळ एक दिवस मागे सरकली. तेव्हापासून मी दृश्यप्रतीऐवजी मोजलेल्या प्रकाशावरच काम करतो आणि रिकाम्या रात्रींचे आकडे, अगदी शून्याखाली गेलेलेसुद्धा, त्यांच्या त्रुटीसह ठेवतो.

सुरुवातीच्या प्रकाशात निळा फुगवटा, म्हणजे तो जास्तीचा निळा उजेड, दिसला की जोडीदार सापडला, असेही समजू नये. २०१७ मध्ये ‘एसएन २०१७सीबीव्ही’च्या पहिल्या दिवसांत तो स्पष्ट दिसला, पण धडकेच्या प्रतिमानाने सांगितला होता त्याहून अतिनील प्रकाश कमी निघाला आणि नंतरच्या वर्णपटांत जोडीदाराच्या हायड्रोजनची अपेक्षित रेषाही आढळली नाही. बाहेरच्या थरांत पोचलेले निकेल किंवा पृष्ठभागावरील हेलियमच्या कवचाचा स्फोट यांनीही असा फुगवटा येऊ शकतो. म्हणून नवा ठिपका हाती लागताच त्याच रात्री वर्णपट आणि अतिनील निरीक्षण मागावे : न जळलेल्या कार्बनच्या रेषा लवकरच फिकट होऊ लागतात, आणि एकाच रंगातला प्रकाशवक्र (काळानुसार तेजाचा आलेख) कितीही दाट असला तरी ही कारणे वेगळी करू शकत नाही.