लाडाचं नाव थेट जन्मदाखल्यावर टाकायचं असेल तर

बाळाला सगळे चिऊ म्हणतात, हाक मारली की तेही मान वळवतं, मग दाखल्यावर दुसरं नाव कशाला? हा विचार रास्त आहे. लाडाचं नाव कागदावर टाकता येतं, कायद्याची आडकाठी नाही, आणि नीट निवडलं तर ते आयुष्यभर छान वागवता येतं. मात्र लाडाच्या नावातला अर्धा गोडवा हाक मारणाऱ्याच्या आवाजात असतो, आणि तो आवाज कागदावर उतरत नाही. उद्या ते नाव बँकेतला कारकून वाचणार, हजेरी घेणाऱ्या बाई वाचणार, परराज्यातला एखादा अधिकारी वाचणार. त्यांच्या तोंडीही ते नाव नाव वाटलं पाहिजे. सगळी पारख यासाठीच करायची.

दवाखान्यातला फॉर्म: नावाची जागा रिकामी सोडा

पहिली चूक इथेच होते. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फॉर्म समोर येतो, मावशी म्हणतात ‘नाव सांगा’, आणि त्या क्षणी तोंडात असलेलं ‘सोनू’ किंवा ‘छकुली’ नोंदवहीत जाऊन बसतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती वेळेत होऊ द्या. पण नोंद आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर घालता येतं. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत त्यासाठी विलंब शुल्क लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येतं.

म्हणजे जवळजवळ एक वर्ष हातात आहे. त्यातले निदान तीन-चार महिने नाव फक्त वापरून बघा. लाडाच्या नावांना पहिल्या काही महिन्यांत फार पाय फुटतात: चिऊची चिऊटली होते, चिमणी होते, आणि सहाव्या महिन्यात सगळं घर तिला ‘माऊ’ म्हणू लागलेलं असतं. जे नाव टिकलं तेच कागदावर घालण्याच्या लायकीचं.

लाडाची नावं तीन जातींची

पहिली जात म्हणजे बाळाला बाळ म्हणणारी: बाळ, छोटू, छकुली, पिल्लू, बबड्या, तान्ही, बेबी. ही नावं त्या मुलाची नसतात, त्या वयाची असतात. प्रत्येक घरात एखादा छोटू असतोच. धाकटं भावंड झालं की ‘छोटू’ मोठा भाऊ होतो आणि नाव खोटं पडतं. ही जात घरातच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अपवाद आहेत. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात बाळ म्हणायचे, आणि जगाला माहीत झालं ते बाळ गंगाधर टिळक हेच नाव. ते शोभलं, कारण ‘बाळ’ला लाडाचा प्रत्यय नाही, आखूड, ठाम शब्द आहे आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव आलं की ताल धरतो. ‘बबड्या’ला हे जमत नाही.

दुसरी जात म्हणजे लांब नावाचा तुकडा: अनू, मनू, विनू, निशू, अभी, विजू. ऐकायला चांगली, मोठेपणीही चालतात. यांचा त्रास वेगळाच. ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न जन्मभर येतो, आणि काही वेळा समोरचा माणूस विचारतही नाही, स्वतःच पूर्ण करून टाकतो. बालवाडीच्या रजिस्टरमध्ये अनूची अनुराधा होते, लसीकरणाच्या कार्डावर अनुजा. कोणी वाईट हेतूने केलेलं नसतं. अनू हे अर्धं नाव आहे असं त्यांना मनापासून वाटतं. पण दोन कागद जुळेनासे होतात. ही जात निवडली तर सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक ठिकाणी ‘हेच पूर्ण नाव आहे’ हे सांगायची आणि लिहिलेलं तपासायची तयारी हवी.

तिसरी जात सगळ्यांत टिकाऊ: स्वतःचा अर्थ असलेली छोटी, गोड नावं. सई, जुई, जाई, मैना, रावा, कुहू. लाडाची वाटतात, पण त्यांना कुणी अर्धं समजत नाही आणि वय वाढलं म्हणून ती तोकडी पडत नाहीत. चिऊ या जातीच्या काठावर आहे. अर्थ आहे, चिमणी. पण शब्द बाळबोलीतला आहे. चिऊ ठेवायचं तर काऊ-चिऊच्या गोष्टीतलं दार शाळेत रोज वाजणार, हे गृहीत धरा. मुलीला ते आवडेलही, पण निर्णय घेताना ही गोष्ट माहीत असावी.

‘-या’ने संपणाऱ्या नावांबद्दल थोडं अधिक. गोट्या, पिंट्या, बबड्या. मराठीत ‘-या’ हा सलगीचा किंवा दटावणीचा प्रत्यय आहे. रामला आपण रागावून ‘राम्या’ म्हणतो. नावातच तो असला तर आदराने बोलायला वरची पायरीच उरत नाही. ‘गोट्याराव’ किंवा ‘गोट्या सर’ म्हणताना म्हणणाऱ्यालाच अवघड होतं. ‘-ऊ’ने संपणाऱ्या नावांना ही अडचण कमी: बंडू, बापू, विठू यांना राव, सर, साहेब सगळं पचतं.

मोठ्याने म्हणून बघा

ही वाक्यं खरंच मोठ्याने, गोडवा न घालता, सपाट आवाजात म्हणा:

‘डॉ. चिऊ यांनी ऑपरेशन केलं.’
‘सोनू मॅडम उद्या रजेवर आहेत.’
‘आरोपीचे वकील श्री. बंडू यांनी मुदत मागितली.’
‘चि. चिंटू यांचा शुभविवाह...’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ‘च’ने सुरू होणाऱ्या लाडाच्या नावाला ‘चि.’ लागलं की चि-चि असा अडखळा होतो. मुलीच्या बाबतीत ‘चि. सौ. कां. चिऊ’. बारीक गोष्ट वाटते, पण लग्नपत्रिकेत ती मोठ्या टाइपात छापली जाते.

मग पूर्ण नाव एका दमात म्हणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने नावाचा क्रम ठरवून दिला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या कागदांवर आणि परीक्षेच्या अर्जावर असंच लिहायचं. त्यामुळे आता लाडाच्या नावाच्या लगेच मागे आईचं नाव येतं. ‘सई मेधा निखिल’ सुटसुटीत जातं. पण आई अनिता असेल तर ‘मनू अनिता’ घाईत ‘मन्वनिता’सारखं ऐकू येतं, आणि आईचं नाव मीना असेल तर ‘मनू मीना’ हे दोन मुलींना मारलेल्या हाकेसारखं वाटतं. नाव स्वराने संपत असेल आणि आईचं नाव स्वराने सुरू होत असेल, तर चार जणांना म्हणायला सांगून बघाच.

आणखी एक कसोटी: मुलगा की मुलगी हे नुसत्या नावावरून कळतं का? सोनू, मनू, किट्टू दोघांनाही चालतात. फॉर्म भरणारा अंदाजाने ‘पु’ किंवा ‘स्त्री’ला खूण करतो आणि चूक पुढे सरकत राहते. नाव सोडून द्यायला हे कारण पुरेसं नाही, पण प्रत्येक छापील कागदावर लिंगाचा रकाना आधी बघायची सवय लावून घ्या.

इंग्रजी स्पेलिंग: खरी गोची इथे आहे

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, आणि पुढचं आयुष्य बहुतेक इंग्रजी स्पेलिंगवर चालतं. लांब नावात एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तरी नाव ओळखू येतं. दोन अक्षरी नावात एक अक्षर हललं की दुसरंच नाव तयार होतं.

सई घ्या. एस-ए-आय लिहिलं तर सगळा देश ‘साई’ वाचतो, आणि साई मुलाचं नाव आहे. म्हणून एस-ए-ई-ई किंवा एस-ए-वाय-ई-ई यांतलं एक ठरवावं लागतं. जाई तर आणखी कठीण: जे-ए-आय म्हणजे ‘जय’. शेवटी दोन ‘ई’ घेतले तर निदान तो मुलगा समजला जाणार नाही. माऊ एम-ए-यू लिहिलं की ‘मौ’ होतं. मनी लिहिलं की कुणी ‘मणी’ वाचतं, कुणी पैसा. छकुलीत ‘छ’साठी दुसरा ‘एच’ घातला नाही तर ‘चकुली’ होते. ‘ळ’ आणि ‘ठ’ असलेली नावं इंग्रजीत गेली की परत येत नाहीत: बाळ ‘बाल’ होतो, ठमी ‘थमी’.

करायचं इतकंच. नाव मराठीत न सांगता फक्त इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहा आणि मराठी न येणाऱ्या तिघांना वाचायला द्या. तिघांपैकी दोघांनी बरोबर वाचलं तर स्पेलिंग ठेवा. नसेल तर स्पेलिंग बदला. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर नाव घरातच राहू द्या. हिंदी भाषक माणसाला अर्थही विचारा. आपलं ‘पिल्लू’ त्याला कुत्र्याचं पिल्लू वाटतं, आणि आपली ‘गुंडी’ म्हणजे बटण, त्याला गुंडाची बहीण.

मराठीतही ऱ्हस्व-दीर्घ ठरवून टाका. ‘मनु’ आणि ‘मनू’ यांतलं एकच. लाडाच्या नावाला ‘मनू’ हेच बरोबर, पण टाइप करणारा ‘मनु’ करतो, आणि मग दाखला, शाळेचं रजिस्टर आणि जातीचा दाखला यांत तीन तऱ्हा होतात.

नाव घालताना

शहरात महापालिका किंवा नगरपरिषदेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, गावात ग्रामपंचायत. जिथे जन्म झाला तिथलंच कार्यालय, तुम्ही राहता तिथलं नव्हे. आई-वडिलांनी लेखी अर्ज द्यायचा, सोबत जन्म नोंदीचा तपशील आणि स्वतःची ओळखपत्रं. अर्जावर नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्ही ठळक, सुटी अक्षरं करून लिहा. छापण्याआधी स्क्रीनवर किंवा मसुद्यावर दाखवा असं नम्रपणे सांगा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

‘उर्फ’ लिहू नका. ‘सायली उर्फ चिऊ’ लिहून दोन्ही नावं राखता येतील असं वाटतं, पण पुढे एका कागदावर सायली येते, दुसऱ्यावर चिऊ, तिसऱ्यावर ‘सायली उर्फ’ इतकंच. नाव एकच द्या.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून दाखला हातात आल्यावरच आधार काढा. ५ वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं आणि नाव दाखल्यावरून घेतलं जातं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा त्यातली एक संधी ‘मनु’चा ‘मनू’ करण्यात घालवू नका.

नाव आधीच टाकून झालं असेल आणि आता खटकत असेल

आधी बघा, चूक आहे की मन बदललंय. लिहिताना चूक झाली असेल, उदाहरणार्थ अर्जात सई असताना दाखल्यावर साई आलं असेल, तर निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मन बदललं असेल तर ती दुरुस्ती होत नाही. नाव बदलायचा रस्ता राजपत्रातून, म्हणजे शासनाच्या गॅझेटमधून जातो. सज्ञान होईपर्यंत पालक अर्ज करतात, १८ पूर्ण झाल्यावर ज्याचं नाव तोच. राजपत्रात छापून आलं म्हणून जुन्या दाखल्यावरचं नाव आपोआप बदलत नाही, त्यामुळे दाखला आणि राजपत्राची प्रत दोन्ही जोडीने दाखवावी लागतात. हे करायचंच असेल तर पहिलीच्या प्रवेशाआधी करा. तोवर नाव फार थोड्या कागदांवर असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एकदा छोटू छापून आला की मागचा प्रत्येक कागद उकरून काढावा लागतो.