निवृत्त ल्यूथरन पाळकांच्या सेवाकाळाची नोंद कशी करावी

माझे सासरे 1969 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ल्यूथरन पाळक, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मगुरू, म्हणून दीक्षित झाले आणि चाळीस वर्षांनी निवृत्त झाले. दीक्षाविधीला पन्नास वर्षे पूर्ण होणार म्हणून घरच्यांनी त्यांच्या सेवेचा वृत्तांत लिहून काढायचे ठरवले, तेव्हा ते काम माझ्याकडे, म्हणजे पुण्याहून आलेल्या सुनेकडे आले; कारण घरातल्या बाकी सर्वांना त्या गोष्टी पाठ होत्या, आणि पाठ असलेली गोष्ट माणूस नीट ऐकत नाही. अमेरिकेत अशा कुटुंबाशी नाते जुळलेले मराठी लोक आता कमी नाहीत, आणि आपल्याकडच्या मंडळ्यांतही, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांतही, ज्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतलेल्या नाहीत असे वयोवृद्ध पाळक आहेतच. त्यांच्यासाठी हे काम कसे करावे आणि मी केलेली कोणती चूक टाळावी, ते येथे लिहीत आहे.

सुरुवात मुलाखतीने करू नये, कागदपत्रांनी करावी. पाळकाच्या घरात सहसा चार प्रकारचे कागद असतात: निरनिराळ्या मंडळ्यांकडून आलेली पाचारणपत्रे (आमचे पाळक म्हणून या, असे बोलावणारी पत्रे), मंडळीचे वार्षिक अहवाल, उपदेशांची टिपणे आणि फोटो. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी किशोरवयात आपली श्रद्धा जाहीर करण्याचा विधी), विवाह आणि अंत्यविधी यांची नोंदवही मात्र मंडळीच्या मालकीची असल्यामुळे ती चर्चमध्येच राहते. ती पाहायची असेल तर तेथील सध्याच्या पाळकांची परवानगी घ्यावी आणि वही घरी आणण्याचा आग्रह धरू नये. कागद चाळताना संस्थांची नावे बदलत जातात, त्याने गोंधळून जाऊ नये. माझ्या सासऱ्यांना दीक्षा दिली ती अमेरिकन ल्यूथरन चर्चने, निवृत्तिवेतन मिळते ते मात्र इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या संस्थेतील सेवेबद्दल. त्यांनी चर्च बदलले नव्हते, तर 1 जानेवारी 1988 रोजी तीन ल्यूथरन संस्था एकत्र येऊन ही नवी संस्था कामाला लागली होती. त्यामुळे त्या तारखेआधीचे कागद शोधताना जुन्या संस्थेच्या नावाने शोधावे लागते.

तारखा लावणे हे या कामातले सर्वांत किचकट आणि, माझ्या मते, सर्वांत मजेचे काम आहे. पाळक उपदेशाच्या टिपणावर बहुधा तारीख घालत नाहीत. ते ‘पेंटेकॉस्टनंतरचा चौदावा रविवार, बी’ असे काहीतरी लिहितात. पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण. ल्यूथरन उपासनेतील शास्त्रवाचनांचे ए, बी आणि सी असे तीन वर्षांचे चक्र 1970च्या दशकात रुळले. ज्या वर्षाच्या आकड्याला तीनने निःशेष भाग जातो ते सी वर्ष, बाकी एक उरल्यास ए आणि दोन उरल्यास बी, आणि ही कसोटी आपल्याला शाळेत शिकवलेल्या अंकांच्या बेरजेने तोंडी करता येते. टिपणावर बी असेल आणि सासरे त्या गावात 1980 ते 1987 होते हे पाचारणपत्रांवरून ठाऊक असेल, तर ते टिपण 1982चे किंवा 1985चेच असणार. एवढे लक्षात ठेवावे की चर्चचे वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते, म्हणून डिसेंबरमधला उपदेश पुढच्या वर्षाच्या अक्षरात मोजला जातो. हे न कळल्यामुळे माझी पहिली यादी पुन्हा लिहावी लागली.

फोटोंच्या बाबतीत लोकांच्या हातातले गीतपुस्तक पाहावे. 1958चे पुस्तक लाल होते, 1978चे हिरवे आणि 2006चे क्रॅनबेरीच्या फळासारखे गडद तांबडे. जुने लोक आजही ‘हिरवे पुस्तक आले तेव्हा’ असे म्हणून काळ सांगतात. कोडॅकच्या रंगीत स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पुष्कळदा महिना आणि वर्ष छापलेले असते, पण ती फिल्म धुतल्याची तारीख असते, फोटो काढल्याची नव्हे. आमच्याकडे हिवाळ्याचा शिक्का असलेल्या स्लाइडवर मुले तळ्यात पोहताना दिसतात, ते यामुळेच.

उन्हाळी शिबिरे हा अमेरिकन ल्यूथरन पाळकाच्या आयुष्याचा फार मोठा भाग असतो, आणि मराठी वाचकाला तो समजावून द्यावा लागतो, कारण आपल्या मनात शिबिर म्हटले की शाळेच्या सभागृहातल्या सतरंज्या येतात. येथे दृढीकरणाच्या शिकवणीतली बारा-चौदा वर्षांची मुले आठवडाभर जंगलात, तळ्याकाठी राहतात. सकाळी बायबलचा अभ्यास होतो, दुपारी पोहणे आणि होड्या, रात्री शेकोटीभोवती गाणी. मुलांबरोबर राहणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना ‘कौन्सेलर’ म्हणतात आणि पाळकाच्या समुपदेशनाच्या कामालाही तोच शब्द लागतो, त्यामुळे जुन्या पत्रांत हा शब्द आला की तो कोणत्या अर्थाने आहे ते प्रत्येक वेळी तपासावे. मी एका एकोणीस वर्षांच्या कॉलेजकुमाराला मानसोपचारतज्ज्ञ करून ठेवले होते.

माझे सासरे मोठ्या मुलांना कॅनडाच्या सीमेलगतच्या बाउंड्री वॉटर्स या संरक्षित अरण्यात कनू घेऊन जात. कनू म्हणजे अरुंद, हलकी वल्ह्यांची होडी. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना ती उलटी करून खांद्यावर घ्यावी लागते आणि मधली पायवाट चालावी लागते. त्या वाटांची लांबी नकाशावर ‘रॉड’ या मापात देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढी लांबी. म्हणजे रोजनिशीत ‘80 रॉड, चिखल, दोन मुले रडली’ असे वाचले तर ते अंतर पाव मैल समजावे. अशी मापे बदलून टाकू नयेत. मूळ शब्द ठेवून एकदा अर्थ द्यावा. या अरण्यात आज एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे आणि चारपेक्षा जास्त होड्या नेता येत नाहीत. सासऱ्यांच्या काळीही एका पाळकाबरोबर थोडीच मुले असत, म्हणूनच त्यांच्या गोष्टींत प्रत्येक मुलाचा स्वभाव लख्ख उतरतो, हे मला नंतर उमगले.

कागद लागले की मग मुलाखतीला बसावे. सकाळची वेळ, पाऊण तास, मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण, फ्रिजपासून दूरची जागा, आणि त्याच दिवशी फाइलला तारखेचे नाव. यंत्रसामग्रीबद्दल एवढेच पुरेसे आहे. ‘तुमचा सर्वांत अविस्मरणीय अनुभव कोणता?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर प्रत्येक निवृत्त माणसाकडे तयार असते आणि ते निर्जीव असते. वस्तू पुढे ठेवावी. माझ्या सासऱ्यांच्या गाडीत घरोघरी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस) देण्याची काळी चामडी पेटी असे. ती मी टेबलावर उघडली: बोटाच्या पेराएवढे सहा काचेचे पेले, त्यांतला एक दुसऱ्याच आकाराचा, भाकरीच्या चकत्यांची गोल डबी आणि द्राक्षारसाची बुचाची कुपी. ‘हा पेला वेगळा का?’ एवढाच प्रश्न मी विचारला. मूळचा पेला एका हिमवादळात गाडीच्या टपावर राहून हरवला, आणि त्याच्या जागी एका आजीबाईंनी आपल्या कपाटातला खोकल्याच्या औषधाचा पेला दिला, येथपासून सुरू झालेली हकीकत सव्वा तास चालली आणि त्यात तीन शेतघरे, एक बाळंतपण आणि बर्फात अडकलेला ट्रॅक्टर आला.

समोरासमोर बसून न बोलणारा माणूस शेजारी बसून बोलतो, ही युक्ती त्यांनीच मला नकळत शिकवली. कनूमध्ये दोघेही पुढे तोंड करून बसतात. पुढच्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही आणि हात वल्ह्यात गुंतलेले असतात. ‘ऑफिसात खुर्चीवर बसून जो मुलगा तासभर बूट पाहत राही, तो तिसऱ्या तळ्यावर आपणहून बोलू लागे,’ असे ते म्हणाले, आणि लगेच ल्यूथरची आठवण काढली. येरोम वेलर हा तरुण खोल उदासीत सापडला असताना ल्यूथरने त्याला 1530 साली पत्र लिहून बजावले होते की एकटा राहू नकोस, लोकांत मिसळ, थट्टामस्करी कर, खेळ. तेव्हापासून मी टेबल सोडले. बटाटे सोलताना, भांडी पुसताना, गाडीने दवाखान्यात जाताना मी प्रश्न विचारले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. सासूबाईंची साक्षही अशीच घ्यावी, आणि ती वेगळी घ्यावी. शिबिरात किती माणसांचे पॅनकेक भाजले, कोणत्या साली नवरा घरच्या वाढदिवसाला नव्हता, याचा हिशेब त्यांच्याकडे असतो आणि तो अहवालांपेक्षा अचूक असतो.

आता समुपदेशनाविषयी. हा भाग मी सर्वांत वाईट लिहिला होता, म्हणून त्यावर जास्त सांगते.

पापकबुली फक्त कॅथलिकांमध्ये असते असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक 1530च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्यात, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ श्रद्धापत्रात, खासगी क्षमाघोषणा (कबुली ऐकून पाळकाने त्या एका माणसाला पापक्षमा सांगणे) चालू ठेवावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ल्यूथरच्या 1529च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत ती कशी करावी याचा नमुना दिलेला आहे. कबुलीत ऐकलेले बाहेर न सांगण्याचे बंधन ल्यूथरन पाळकावर असते आणि ते निवृत्तीने सुटत नाही. त्याच्या शेजारी साधे समुपदेशन असते: लग्नाआधी वधूवरांशी बोलणे, व्यसन, मृत्यूनंतरचे पहिले वर्ष. तेथेही लोक विश्वासाने बोललेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी पाळकांना सांगावे की नाव, गाव आणि प्रकरण आम्हाला नको. तुम्ही कसे ऐकत होतात, किती वेळ बसत होतात, घरी परतल्यावर काय करत होतात, ते सांगा. कोणी जिवंत व्यक्ती, विशेषतः मूल, धोक्यात असल्याचे बोलण्यातून कळले तर तो आठवणींचा विषय उरत नाही. तो संबंधित यंत्रणेकडेच न्यावा लागतो.

मी काय केले ते सांगते. 1980च्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत शेतजमिनीच्या किमती कोसळल्या, व्याजाचे दर चढे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनींचे लिलाव झाले. विदर्भातल्या बातम्या वाचत वाढलेल्या मला तो काळ लगेच कळला, आणि त्या काळात ते एका शेतकऱ्याच्या गोठ्यात रात्रभर का बसले होते, ती हकीकत मी नाव बदलून, मन लावून लिहिली. नवऱ्याने मसुदा वाचला आणि दुसऱ्याच परिच्छेदावर बोट ठेवून तो माणूस कोण ते सांगितले. सहाशे वस्तीच्या गावात दोन मुलगे आणि निळा सायलो (चाऱ्याचे उंच कोठार) असलेले शेत एकच होते. नाव बदलणे म्हणजे ओळख लपवणे नव्हे. ते पान मी काढले, आणि त्या जागी सासऱ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेले एकच वाक्य ठेवले: त्या वर्षी ते गाडीत कायम गोठ्यात घालायचे बूट आणि थर्मास ठेवत असत. गावकऱ्यांना तेवढ्यावरून सगळे समजते, बाहेरच्यांना समजण्याची गरज नाही.

कागदांत आणखी एक गोष्ट सापडू शकते. 1925 साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात अँटन बॉइसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये ठेवून शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे ही शिक्षणपद्धती अमेरिकेतल्या अनेक पाळकांच्या प्रशिक्षणात आली. त्यात विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण ओळ न्‌ ओळ आठवून लिहितो आणि मार्गदर्शकापुढे ठेवतो. अशी जीर्ण टंकलिखिते हाती लागली तर ती वाचू नयेत, स्कॅन तर मुळीच करू नयेत; गठ्ठा तसाच पाळकांच्या हाती द्यावा. माझ्या सासऱ्यांनी तो मांडीवर घेतला, वरचे पान वाचले, ‘मी किती बडबड करत होतो’ असे म्हणाले, आणि सगळा गठ्ठा लाकडाच्या शेगडीत घातला.

मसुदा तयार झाला की तो मोठ्या अक्षरांत, एका बाजूला कोरी जागा सोडून छापावा आणि लाल पेन्सिलीसह पाळकांना द्यावा. घाई करू नये. आमच्याकडे तो सात आठवडे त्यांच्या खुर्चीजवळ होता. शिबिरातल्या मुलांच्या फोटोंखाली पूर्ण नावे देऊ नयेत. ती मुले आज साठीची असली तरी त्यांना कोणी विचारलेले नाही. अंतिम प्रतींपैकी एक घरी ठेवावी, एक शेवटच्या मंडळीला द्यावी आणि एक चर्चच्या अभिलेखागाराकडे पाठवावी, पण तेथे काय स्वीकारतात ते आधी पत्राने विचारावे. सासऱ्यांनी माझी अकरा पाने कापली, त्यांतली चार मला फार आवडती होती. कापलेला मजकूर परिशिष्टात घालू नये, नातेवाइकांना वेगळा पाठवू नये, आणि ज्या फाइलमध्ये तो आहे ती फाइल व तिचे ध्वनिमुद्रण दोन्ही त्यांच्या समोर बसून पुसून टाकावीत.