सिक्वेन्सवरून ओळखा, पेप्टाइड मेम्ब्रेनवर कसं बसेल

जळगाव-धुळ्याकडच्या मायक्रो-बायोटेकच्या पोरांना व्हायवात विचारलं, जंतू मारणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मेम्ब्रेन म्हणजे पेशीचं आवरण कसं फोडतं, तर बॅरल-स्टेव्ह, टोरॉइडल, कार्पेट अशी तिन्ही नावं घडाघडा सांगतात, पण समोर सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, ठेवला की गप्प. तर भो, मॉडेलं नंतर पाठ कर, आधी कंपासपेटी काढ.

मॅगेनिन-२ घे, १९८७ मध्ये मायकेल झासलॉफनी आफ्रिकन बेडकाच्या कातडीतून काढलेलं, २३ अमिनो आम्लं, प्रत्येकाला एक अक्षर: जी आय जी के एफ एल एच एस ए के के एफ जी के ए एफ व्ही जी ई आय एम एन एस.

पहिले चार्ज मोज. के म्हणजे लायसिन (+१), चार आहेत, ई म्हणजे ग्लुटामेट (-१) एक, दोन्ही टोकांचे चार्ज एकमेकांना कापतात अन् एच म्हणजे हिस्टिडिन सोडून दे, राहिले +३. बॅक्टेरियाच्या मेम्ब्रेनमध्ये फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, कार्डिओलिपिन असे निगेटिव्ह लिपिड (मेम्ब्रेनचे तेलकट रेणू) असतात म्हणून पेप्टाइड तिकडे ओढलं जातं, आपल्या पेशीच्या बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन अन् स्फिंगोमायलिन, एकूण चार्ज शून्य, वरून कोलेस्टेरॉल, तिथे सहज चिकटत नाही.

आता गोल काढ, म्हणजे पेप्टाइडचा हेलिक्स (स्प्रिंगसारखा वळलेला आकार) टोकाकडून पाहिल्यावर दिसेल तसा. पहिलं अमिनो आम्ल शून्य अंशावर, पुढचं प्रत्येक १०० अंश पुढे, कारण हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ बसतात. चारही लायसिन १८० ते ३०० मध्ये येतील, अन् तिन्ही एफ, दोन्ही आय, एल, व्ही हे पाण्याला टाळणारे सगळे २० ते १६० मध्ये. हीच खरी गंमत! पाण्यात मात्र हा हेलिक्स नसतोच, नुसता विस्कटलेला दोरा, मेम्ब्रेनला लागल्यावर वळतो, मग आडवा झोपतो, तेलकट बाजू लिपिडात अन् लायसिन वर. गर्दी एका हद्दीपुढे गेली की लिपिडांची डोकी आत वाकतात अन् पेप्टाइड-लिपिड मिळून भोक पडतं, ते टोरॉइडल. अलामेथिसिनचं वेगळं, तिथे भोकाची भिंत पेप्टाइडचीच, ते बॅरल-स्टेव्ह. कार्पेटमध्ये साबणासारखं मेम्ब्रेनच विरघळतं.

पण नुसत्या गोलावर जाऊ नको, मधमाशीच्या विषातल्या मेलिटिनचाही गोल झकास दिसतो अन् ते लाल पेशीही फोडतं. म्हणून हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी किती फुटतात याची चाचणी, करच: धुतलेल्या आरबीसी (लाल पेशी) घे, नुसतं पीबीएस (मिठाचं बफर) घातलेली नळी म्हणजे शून्य, ट्रायटन एक्स-१०० (पेशी फोडणारा डिटर्जंट) घातलेली म्हणजे शंभर टक्के, ३७ अंशांना तासभर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन कर, वरच्या पाण्याचा रंग ५४० नॅनोमीटरला वाच अन् एमआयसीच्या (जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) शेजारी लिही.